माडाकडे बघ

आमच्या सोसायटीच्या मिनिट्सचं, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्ताचं, मराठी मी करते. कुणी नेमलेलं नाही आणि पैसेही मिळत नाहीत, पण एका मीटिंगमध्ये पहिल्या मजल्यावरच्या आजी आणि तळमजल्यावरचे काका दोघांनी सरळ सांगून टाकलं की आम्हाला इंग्रजी कळत नाही आणि जे कळत नाही त्याच्यावर आम्ही सही करणार नाही, तेव्हा सेक्रेटरींनी लगेच माझ्याकडे बोट दाखवलं, ही करते ना ट्रान्सलेशनची कामं. करते खरी. मिक्सरच्या मॅन्युअलपासून विम्याच्या पॉलिसीपर्यंत येईल ते काम घेते, त्यामुळे नाही म्हणायला तोंडच नव्हतं.

मुलुंड पूर्वेला चार मजली बिल्डिंग आहे आमची, सत्तरच्या दशकातली, लिफ्ट नाही. जिन्याखालच्या बीमला लोखंडी टेकू लावलेत, त्याला आता सगळे इतके सरावलेत की पोरं त्याला सायकली बांधून ठेवतात. रीडेव्हलपमेंट होणार, होणार, चाललंय. आणि मिनिट्समध्ये दर वेळी एक वाक्य असतंच, जागा फक्त बदलते, कधी वर कधी खाली: कन्सिडरेबल हेडवे हॅज बीन मेड इन द मॅटर ऑफ रीडेव्हलपमेंट.

पहिल्यांदा मी काही विचार न करता लिहून टाकलं, पुनर्विकासाच्या कामात बरीच प्रगती झाली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बेल वाजवली. हातात तो कागद, चार घड्या घातलेला, आणि ‘बरीच’ या शब्दाखाली पेन्सिलची रेघ. म्हणाले, बरीच म्हणजे किती गं?

मी म्हटलं काका, इंग्रजीत तसं लिहिलंय.

काय लिहिलंय इंग्रजीत?

हेडवे.

म्हणजे हेड ऑफिसातून काही आलंय का बिल्डरच्या?

हसू आलं, पण ते गेल्यावर मी तो शब्द घेऊन बसले. वीस वर्षं ट्रान्सलेशन करतेय, हा शब्द शंभर वेळा आला असेल, आणि प्रत्येक वेळी मी ‘प्रगती’ लिहून पुढे गेलेय. प्रगती म्हणजे कसं, पोरांच्या प्रगतीपुस्तकासारखं, इयत्ता चौथीतून पाचवीत गेला. हेडवेत असलं काही नाही. तो शब्द मुळात जहाजाचा आहे. इंग्रजी खलाशांच्या भाषेत ‘वे’ म्हणजे जहाजाची चाल, आणि हेड म्हणजे जहाजाचं तोंड, ज्याला आपण नाळ म्हणतो ती बाजू. जहाज नाळेच्या दिशेने पाणी कापत चाललंय म्हणजे त्याला हेडवे आहे. अठराव्या शतकातल्या जहाजी लिखाणात तो शब्द अगदी रोजच्या वापरातला आहे, आणि तिथून तो जमिनीवर आला, कचेऱ्यांमध्ये, वर्तमानपत्रांत, आणि शेवटी आमच्या मिनिट्समध्ये.

त्याला भावंडंही आहेत. जहाज मागे सरकत असेल तर स्टर्नवे. वाऱ्याने आडवं ढकललं जात असेल तर लीवे. आता हा लीवे तर आपण सगळेच वापरतो, बॉस म्हणतो तुला जरा लीवे देतो, म्हणजे सवलत, थोडं इकडेतिकडे झालं तर चालेल. मुळात मात्र ती सवलत वगैरे काही नव्हती, वारा जहाजाला जितकं बाजूला ढकलेल तितकं ते ढकलणं, आणि त्या बाजूला खडक असेल तर संपलंच. खडक लांब असेल तरच ढकललं जायला जागा आहे, त्या मोकळ्या जागेची झाली सवलत.

बरं, हा शब्द वापरायची रीतही गंमतशीर आहे. त्याचं अनेकवचन नाही, त्याच्याआधी ‘अ’ लागत नाही. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत सर्रास येतं की पोलिसांनी ‘अ मेजर हेडवे’ केला, ते चूक. आपल्याकडे तो जवळजवळ ‘ब्रेकथ्रू’सारखा वापरतात, एकदम काहीतरी मोठं हाती लागल्यासारखा, पण हेडवेत एकदम काहीच नसतं. आणि तो पुष्कळदा नकारात येतो, नो हेडवे, लिटल हेडवे, फार तर सम हेडवे, चर्चेत फारसं काही पुढे सरकलं नाही वगैरे. कारण त्या शब्दात अडथळा आधीच धरलेला आहे. समोरून वारा आहे, उलटं पाणी आहे, आणि तरी चाल आहे. मोकळ्या एक्सप्रेसवेवरून गाडी पळतेय तिला कुणी हेडवे म्हणणार नाही. म्हणजे ‘कन्सिडरेबल हेडवे’ लिहिणाऱ्याने नकळत कबूलच केलंय की वारा तोंडावर आहे.

मग मराठीत काय लिहू? डोक्यात येतील ते शब्द कागदावर उतरवत गेले. मजल मारली. आगेकूच. काम मार्गी लागलं. गाडं पुढे सरकलं. घोडं पुढे दामटलं. आणि नाही सरकलं तर घोडं अडलं, घोडं पेंड खातंय, गाडं रुतलं. यादी बघून माझं मलाच नवल वाटलं, सगळं जमिनीवरचं. घोडे, बैलगाड्या, फौजेच्या वाटा. मजल म्हणजे एका दिवसात चालून संपवायचं अंतर, मुक्कामाला पोचलं की मजल झाली. रात्री माणूस जिथे झोपला तिथून ती मोजायची, त्यात वादाला जागाच नाही. आपली भाषा घाटावर घोड्यावर बसून मोठी झाली बहुतेक. समुद्रावरचं म्हणावं तर तारू किनाऱ्याला लागलं, नाव पैलतीरी गेली, पण ते एकदम शेवटचं झालं, पोचल्यावरचं. मधलं काही नाही. पाणी कापत चाललोय, अजून कुठेही पोचलेलो नाही, पण चाललोय, याला मला तरी ठरलेला वाक्प्रचार आठवेना.

आणि मला मामाची आठवण झाली, कारण मधलं म्हणजे काय ते मी त्याच्या होडीत बघितलं होतं.

माझं आजोळ मालवणजवळ, देवबागच्या बाजूचं. तिथे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदीची खाडी, मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी, माडांनी भरलेली. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही जायचो. मामाची छोटी होडी होती, इंजिनाची नव्हे, वल्ह्यांची. मी नववीत असेन, हट्ट केला की आज मी वल्हवणार. सुकती लागलेली होती, म्हणजे खाडीचं पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं, आणि आम्हाला जायचं होतं आत, वरच्या अंगाला. मामा काही बोलला नाही, वल्ही माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन बसला.

मी जीव खाऊन वल्हवायला लागले. आणि काय सांगू, काय वेग वाटत होता! होडीच्या दोन्ही बाजूंनी पाणी सळसळत मागे जात होतं, फेस येत होता, एक शेवाळाचा पुंजका नाळेपाशी आला आणि बघता बघता मागे निघून गेला, मग एक सुकलेली झावळी तशीच मागे गेली, मला वाटलं आता पोचतोच. हाताला फोड यायला लागला तरी थांबले नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग मामा म्हणाला, गो बाय, पाण्याक काय बघतंस? त्या माडाक बघ.

काठावर एक माड होता, खाडीवर वाकलेला, त्याच्या बुंध्याला कुणीतरी निळं नायलॉनचं जाळं बांधून ठेवलेलं. निघालो तेव्हा तो माझ्या बरोब्बर उजव्या हाताला होता. मी मान वळवून बघितलं. तो माझ्या उजव्या हाताला होता.

रडायलाच आलं मला. मामा हसला नाही हे त्याचे उपकार. त्याने वल्ही घेतली, होडी आडवी काढून अगदी काठाच्या लगत नेली, जिथे पाण्याला ओढ कमी असते, आणि तिथून अगदी सावकाश, काही विशेष न केल्यासारखा, वर न्यायला लागला. पाणी आता सळसळत नव्हतं, फेस नव्हता, आणि माड मात्र मागे जात होता. पुढे एका ठिकाणी काठालाही ओढ लागली तेव्हा त्याने सरळ नांगर टाकला, खिशातून विडी काढली आणि म्हणाला, आता पाणी फिरासर बसाचा. भरती-ओहोटीचं चक्र साधारण सहा-सहा तासांचं, त्याच्याशी भांडून कुणाचं काय झालंय.

हे सगळं मी मामेभावाला फोनवर सांगितलं. तो मर्चंट नेव्हीत आहे, सेकंड ऑफिसर, तेव्हा घरी आला होता सुट्टीवर. तो म्हणाला अगं मग बरोबरच आहे, आमच्याकडे दोन वेगळे स्पीड असतात, एक पाण्यातून आणि एक जमिनीच्या हिशेबाने. पाण्यातून सहा नॉट चाललोय आणि समोरून सहा नॉटचा प्रवाह आहे, तर जमिनीच्या हिशेबाने शून्य. पूर्वी जहाजाचा पहिला स्पीड मोजायला दोरीला लाकडाचा तुकडा बांधून मागे पाण्यात सोडायचे, दोरीला ठराविक अंतरावर गाठी मारलेल्या असायच्या, ४७ फूट ३ इंचांवर एक, आणि २८ सेकंदांची वाळूची घडी उलटी करायची. घडी संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी गेल्या तितके नॉट. त्या लाकडाला म्हणायचे लॉग, आकडे ज्या वहीत लिहायचे ती लॉगबुक, आणि आपण रोज सकाळी कम्प्युटरसमोर बसून जे लॉग इन करतो ते तिथूनच आलंय. पण ती दोरी फक्त पाणी मोजायची. माड नाही मोजायची.

माड मोजण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण मला वाटतं बाउंटी या ब्रिटिश जहाजाचं. त्यावरच्या बंडाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते, पण ते बंड नंतरचं, १७८९ च्या एप्रिलमधलं. त्याच्या आधी एक वर्ष, १७८८ मध्ये, कॅप्टन विल्यम ब्लाय दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालून पश्चिमेकडे ताहितीला जायला बघत होता. तिथे वारा पश्चिमेचा, म्हणजे बरोब्बर तोंडावर, आणि नुसता वारा नाही, गारा, बर्फ, डोंगराएवढ्या लाटा. शिडाचं जहाज वाऱ्याच्या सरळ तोंडावर जाऊच शकत नाही, त्याला तिरकं तिरकं, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं, आणि तेवढ्यात लीवे त्याला मागे ढकलत असतो. जवळजवळ महिनाभर झगडून २२ एप्रिलला ब्लायने सुकाणू फिरवलं आणि तोच वारा पाठीवर घेऊन उलट्या दिशेने, आफ्रिकेच्या केप ऑफ गुड होपला वळसा घालून निघाला. म्हणजे जवळजवळ अख्खी पृथ्वी दुसऱ्या बाजूने. पोचला ताहितीला, २६ ऑक्टोबरला. माणूस तापट आणि तोंडाळ म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्या दिवशी त्याने माडाकडे बघितलं, एवढं मी त्याला देईन.

मामेभावाने अजून एक सांगितलं आणि तेच माझ्या डोक्यात रुतून बसलंय. जहाजाला चाल नसेल तर सुकाणू चालत नाही. सुकाणू म्हणजे शेवटी एक फळीच, तिच्यावरून पाणी वाहत गेलं तरच ती जहाजाला वळवणार. चाल संपली की चाक कितीही फिरवा, जहाज ढिम्म. वळण्यापुरती तरी चाल लागते, तिलाही त्यांच्यात वेगळा शब्द आहे, स्टिअरेजवे. मामा हेच त्याच्या भाषेत म्हणायचा, होडी हलल्याशिवाय सुकाणू ऐकणा नाय. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने याचा किती फायदा उठवला बघा. वारा पडला की युरोपियन कंपन्यांची मोठी शिडाची जहाजं जागच्या जागी, पुढे जाता येईना आणि वळून तोफांची बाजूही दाखवता येईना, आणि आपली गलबतं वल्ह्यांची, ती गुराबांना, म्हणजे आपल्याच तोफांच्या मोठ्या जहाजांना, ओढत घेऊन यायची त्यांच्या पिछाडीला, जिथे त्यांच्या तोफा कमी.

हे ऐकलं आणि मला माझे स्वतःचे दोन हजार एकोणीसचे महिने आठवले. नोकरी सोडली होती, घरून कामं घ्यायची ठरवलं होतं, आणि कामंच नव्हती. सकाळी लॉग इन, दुपारी लॉग आउट, मधे चहा. काय करायचं ते ठरत नव्हतं, लीगलमध्ये शिरावं की मेडिकलमध्ये की सगळं सोडून परत नोकरी बघावी, रोज वेगळा निर्णय आणि एकही टिकत नव्हता. मग एका एजन्सीचं वॉशिंग मशीनचं मॅन्युअल आलं, दर इतका कमी की सांगायची लाज वाटते, पण घेतलं. रोज दोन पानं. ‘झाकण घट्ट बंद झाल्याची खात्री करा.’ त्या दोन पानांनी मला कुठेही नेलं नाही, पैसे तर नाहीच, पण दोनेक आठवड्यांनी लक्षात आलं की आता मी ठरवलेलं ठरतंय. तेव्हा याला काय म्हणायचं माहीत नव्हतं. चाल आली होती, बाकी काही नाही.

तर सोसायटीकडे येते. मला वाटायचं सेक्रेटरी थापा मारतात. पण एकदा त्यांच्यासोबत वॉर्ड ऑफिसला जायची वेळ आली कारण एका कागदाचं मराठी तिथल्या तिथे करून हवं होतं, आणि बघितलं की हा माणूस, वय अडुसष्ट, गुडघ्याला पट्टा, तिसऱ्यांदा त्याच टेबलासमोर उभा आहे. पिशवीत फायली, प्रत्येकीवर स्वतःच्या हातचं लेबल: ७९ए म्हणजे रीडेव्हलपमेंटचे सरकारी नियम, कन्व्हेयन्स म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करणं, फिजिबिलिटी, पीएमसी म्हणजे प्रोजेक्टचा सल्लागार, संमतीपत्रं. एका फ्लॅटचे मालक वारले, वारस तीन, त्यातला एक परदेशात, त्याची संमती यायची म्हणून पाच महिने गेले. ती आली तोवर बिल्डर म्हणाला आता रेट बदलले. नव्याने टेंडर. नव्याने जनरल बॉडी. हा माणूस जीव खाऊन वल्हवतोय, त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी सळसळत मागे जातंय, त्याला खरंच वाटतंय कन्सिडरेबल हेडवे. खोटं बोलतच नाहीये तो. तो पाण्याकडे बघतोय आणि काका माडाकडे, आणि मी मधे बसून दोघांसाठी एक शब्द शोधतेय.

आणि आजी. आजींनी दोन वर्षांपूर्वी, पहिल्यांदा ‘बरीच प्रगती’ वाचली तेव्हा, घर हलवायचं म्हणून पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरली. म्हणजे माझ्याच शब्दावर. परवा पुरणयंत्र हवं होतं म्हणून मला बोलावलं, खोका माळ्यावरून काढायला. सोडलं तर आतल्या पेपरच्या शाईचा डाग यंत्राच्या कडेला उलटा उमटलेला. आजींनी चिंच लावून घासलं, पुरण वाटलं, धुतलं, पुसलं आणि नवा पेपर मागितला. परत गुंडाळायला. मी म्हटलं राहू दे ना आजी बाहेरच, लागेल परत. म्हणाल्या नाही गं, प्रगती झालीये ना.

त्या संध्याकाळी मी मामेभावाला मेसेज केला की तुमच्याकडे असं काही असतं का, म्हणजे जहाज बंदरातून सुटलंय पण चाललेलं नाही, त्याला काय म्हणता. त्याने लगेच व्हॉइस नोट पाठवली. म्हणाला हो, असतं की, नियमातच आहे. समुद्रावरच्या टक्करी टाळायचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, १९७२ चे, त्यात जहाज ‘अंडरवे’ कधी, तर ते नांगरलेलं नाही, धक्क्याला बांधलेलं नाही आणि गाळात रुतलेलं नाही, एवढं झालं की अंडरवे. पण अंडरवे म्हणजे चालतंय असं नाही! इंजिन बंद करून तरंगत पडलंय तेही अंडरवेच. म्हणून धुक्यात भोंगा वाजवायचे दोन प्रकार आहेत. यांत्रिक जहाज पाणी कापत चाललं असेल तर एक लांब भोंगा, चार ते सहा सेकंदांचा, दर दोन मिनिटांच्या आत. आणि अंडरवे आहे पण थांबलंय, चाल नाही, तर लागोपाठ दोन लांब भोंगे, मधे साधारण दोन सेकंद. म्हणजे ज्याला दिसत नाहीये त्याला निदान ऐकून तरी कळलं पाहिजे की समोरचा येतोय की नुसताच आहे.

मी ती व्हॉइस नोट तीनदा ऐकली. मग खाली जाऊन काकांना ऐकवली. काका रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांना एकदम पटलं. म्हणाले आमच्याकडे हेडवे म्हणजे दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर, लोकलला गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटं, कमी असेल तितकं चांगलं. मी बघतच राहिले, कारण हे मलाच माहीत नव्हतं, आणि एवढे दिवस हा माणूस माझ्याकडून त्या शब्दाचा अर्थ विचारत होता. म्हटलं काका, मग तेव्हा का नाही बोललात? म्हणाले, मला वाटलं सोसायटीतला हेडवे वेगळा असेल. आणि मग जरा थांबून, तसा आमचाच आहे म्हणा, एका मीटिंगपासून दुसऱ्या मीटिंगपर्यंतचं अंतर.

यावेळच्या मिनिट्सचं मराठी करताना मी ‘प्रगती’ काढून टाकलं. लिहिलं, ‘पुनर्विकासासाठी समितीचे प्रयत्न जोरात चालू आहेत, इमारत मंजुरीच्या दृष्टीने मागील सभेच्या वेळी होती तेथेच आहे.’ सेक्रेटरींनी वाचलं, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, अहो हे असं कसं लिहिता, लोक काय म्हणतील. मी त्यांना खाडीची गोष्ट सांगायला लागले पण त्यांना बँकेत जायचं होतं. शेवटी तडजोड झाली, स्वल्पविरामाच्या पुढचं गाळलं.

रविवारी गच्चीवर मीटिंग होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, मागच्या रांगेत काका, त्यांच्या शेजारी आजी, मांडीवर पर्स. सेक्रेटरींनी आधी इंग्रजी वाचायला घेतलं, सवयीने. कन्सिडरेबल हेडवे हॅज बीन

आणि मागून आवाज आला. पोंऽऽऽऽऽऽ. सगळे वळले. काकांनी तोंडापुढे दोन्ही हातांचा कर्णा केला होता, डोळे मिटलेले, मोजत असावेत मनात. दोन सेकंद गेले.

पोंऽऽऽऽऽऽ.

सेक्रेटरी म्हणाले, काय झालं काका?

काही नाही, काका म्हणाले, धुकं आहे. तुम्ही वाचा.